आधी गुण्या, मग बाकीची हत्यारे

घरी सुतारकाम करायचे ठरले की बहुतेक जण आधी ड्रिल मशीन आणतात. मी म्हणेन, आधी गुण्या घ्या, आणि दुकानातच पारखून घ्या. सरळ कडेच्या फळीला तो टेकवून रेघ ओढा. मग पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर काटकोन खरा. फाकल्या, तर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

पुढे एक करवत, एक रंधा आणि 6, 12 व 25 मिलिमीटरच्या पटाश्या. एवढ्यावर स्टूल, फडताळ सहज होते.

नव्या पटाशीलाही धार लावावीच लागते. आधी पाठ दगडावर सपाट घासायची, मग उतरती बाजू साधारण 25 ते 30 अंशांत. सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. पुन्हा दगडाकडे जायचा कंटाळा करू नका. बोथट पटाशीला जोर लागतो आणि जोरात ती निसटते. माझ्या डाव्या तर्जनीवर त्याचा व्रण अजून आहे. लाकूड शिकंज्यात आवळा, दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा.

रंधा मारताना लाकूड उपटू लागले, तर फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून मारा. लगेच आवाज बदलतो आणि पातळ सालपट गुंडाळत वर येते.

पावसाळ्यात काम संपले की पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायला विसरू नका.