काळी आणि पांढरी : पुराणवस्तुशास्त्राचे पहिले धडे



पाचोडच्या बाजारांत एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला गांवच्या जमिनीविषयीं विचारावें, तर तो प्रथम दोनच नांवें सांगेल : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे माणसाच्या वस्तीची जमीन. ज्या ठिकाणीं अनेक पिढ्यांच्या चुली पेटल्या, मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पडल्या, राख, शेण व केर सांचत गेला, तेथील मातीचा रंगच पालटतो. गांव उठून जातें, नांवहि विसरलें जातें. रंग मात्र राहतो. पुराणवस्तुशास्त्राचा विद्यार्थी विद्यापीठांत जो पहिला धडा गिरवितो तो हाच. माणूस जेथें राहतो तेथें तो मातींत आपली खूण सोडून जातो, आणि ती खूण वाचतां येते. हें वाचन कसें शिकवितात आणि पैठण तालुक्यांतील मुलामुलींनीं तें कां शिकावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुराणवस्तुशास्त्र म्हणजे गुप्तधनाचा शोध नव्हे. सोन्याची मोहोर सांपडली म्हणून उत्खनन यशस्वी झालें आणि नुसतीं खापरें सांपडलीं म्हणून तें वायां गेलें, असें या शास्त्रांत कोणी मानीत नाहीं. मोहोर दूरदेशाहून आलेली असूं शकेल; खापर बहुधा त्याच गांवच्या चुलीवरचें असतें. शिवाय मडकें फुटतें, पण त्याचें खापर कुजत नाहीं. म्हणून पहिल्या वर्षीं विद्यार्थ्याच्या पुढ्यांत खापरांचा ढीग ठेवतात. कांठ कसा वळला आहे, माती बारीक आहे कीं भरड, भट्टीची आंच सारखी लागली आहे कीं नाहीं, रंगानें रेघा ओढल्या आहेत काय, हें त्यानें डोळ्यांनीं आणि बोटांनीं ओळखावयाचें. संगमनेर तालुक्यांतील जोर्वे या लहानशा गांवीं १९५०-५१ सालीं उत्खनन झालें, आणि तेथील तांबड्या भांड्यांवरील काळ्या चित्रकामावरून साऱ्या दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे’ हें नांव मिळालें. एका खेड्याचें नांव खापरांमुळें जगाच्या ग्रंथांत गेलें.

हें शिक्षण महाराष्ट्रांत रुजविण्याचें श्रेय पुण्याच्या डेक्कन कॉलेजाला आहे. १९३४ सालीं बंद पडलेलें हें विद्यालय १९३९ सालीं पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, आणि डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया तेथें या विषयाचे प्राध्यापक झाले. इंग्लंडमध्यें शिकत असतां त्यांनीं मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखालीं उत्खननाचे धडे घेतले होते. पुढें व्हीलर स्वतः १९४४ ते १९४८ या काळांत भारताच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख होते आणि त्यांनीं तक्षशिलेस तरुणांसाठीं उत्खननाची शाळा भरविली. खणणें हें काम नव्हे, थर ओळखणें हें काम आहे, असा या परंपरेचा आग्रह होता.

थर म्हणजे काय, हें मराठवाड्याच्या श्रोत्यांना पेवाच्या दृष्टांतानें चटकन् समजेल. खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा, हा नियम सोपा आहे. परंतु वरच्या थरावर राहणाऱ्या माणसानें धान्यासाठीं पेव खणलें, तर तें खालच्या पांच थरांना भेदून जातें. पुढें तें पेव बुजलें आणि त्याच्या तळाशीं लोखंडाचा एक खिळा राहिला. आतां उतावळ्या माणसानें तेवढी खोली मोजली, तर ज्या काळीं लोखंड ठाऊकच नव्हतें त्या काळाच्या लोकांच्या हातीं तो खिळा देऊन मोकळा होईल! सुशिक्षित विद्यार्थी मात्र चराची उभी बाजू थापीनें घांसून स्वच्छ करितो, मातीच्या रंगांतील आणि कठीणपणांतील फरक पाहतो, पेवाची कड ओळखतो आणि खिळा पेवाच्या काळाचा ठरवितो. चौकोनी चरांच्या मध्यें न खणलेल्या मातीच्या भिंती राखून ठेवतात त्या याचसाठीं. चर खोल गेल्यावरहि थरांची साक्ष डोळ्यांपुढें उभी राहते.

ही साक्ष नसेल तर काय होतें, याचें उदाहरण प्रवरेच्या कांठीं घडलें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं एका ग्रामस्थास झाडाचें मूळ खणतांना कांस्याच्या चार मूर्ति सांपडल्या : बैलांचा रथ व त्यांतील पुरुष, म्हैस, हत्ती आणि गेंडा. त्यांचें एकूण वजन ६० किलोंहून अधिक आहे. भारतांतील प्राचीन धातुकामाचे असे नमुने विरळा. परंतु त्या शास्त्रीय उत्खननांत निघाल्या नाहींत, आणि मूळच्या कोणत्या थरांतील हें कोणी टिपून ठेवलें नव्हतें. कांहीं विद्वान त्या उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीच्या मानतात, कांहीं धातूच्या पृथक्करणावरून त्या बऱ्याच नंतरच्या समजतात. पुढें त्याच स्थळीं पद्धतशीर उत्खनन होऊन पुष्कळ माहिती हातीं आली, तरी या मूर्तींविषयींचा वाद मिटलेला नाहीं. वस्तु हातीं आहे, पण तिचा पत्ता हरवला आहे.

काळ ठरविण्यास आतां भौतिकशास्त्रहि साह्य करितें. अमेरिकेंतील विलर्ड लिबी यांनीं १९४९ सालीं किरणोत्सारी कर्बाची पद्धति प्रसिद्ध केली. जिवंत वनस्पति आणि प्राणी यांच्या देहांत हा कर्ब असतो. मृत्यूनंतर सुमारें ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. म्हणून चुलींतील कोळसा किंवा जळका धान्यकण हा विद्यार्थ्याला दागिन्याइतका मोलाचा. मात्र तो कोणत्या थरांतून आला हें ठाऊक नसेल, तर यंत्रानें काढलेला आंकडा निरुपयोगी ठरतो. सारा व्यवहार पुन्हां थरापाशींच येऊन थांबतो.

आणि एवढे कष्ट करून मिळतें काय? मिळतो तो आपल्याच भूमीवरील माणसांचा संसार. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून सुमारें पंधरा वर्षें उत्खनन चाललें. डॉ. सांकळिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथें शंभराहून अधिक घरें उजेडांत आणलीं. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० हा त्या वस्तीचा काळ. आरंभींचीं घरें ऐसपैस, चौकोनी. लोक जव पिकवीत, आणि पाण्यासाठीं त्यांनीं पाट खोदला होता. मेलेल्या अर्भकांना मडक्यांत ठेवून तीं घराच्या जमिनीखालींच पुरीत. लेंकरूं घराबाहेर धाडवत नव्हतें कीं काय, असें तें पाहून मनांत येतें. पुढें सनापूर्वीं १००० च्या सुमारास घरें लहान आणि गोल झालीं, शेती मागें पडली, शिकार व पशुपालन वाढलें. पाऊस कमी होत गेल्याचा हा परिणाम असावा, असें ढवळीकरांनीं प्रतिपादिलें. १९७२ चा दुष्काळ ज्या मराठवाड्यानें भोगला, त्याला हा इतिहास परका कसा वाटेल?

आतां आपल्या तालुक्याकडे वळूं. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचें तेर, असा उल्लेख असून पैठणहून बहुमोल खडे बंदराकडे जात असें म्हटलें आहे. पैठणास गेल्या शतकांत एकाहून अधिक वेळां उत्खननें झालीं. तरीहि मोठ्या नगराला धान्य, कापूस आणि माणसें पुरविणारीं भोंवतालचीं खेडीं कोणतीं, याचें उत्तर राजधानींत मिळणार नाहीं; तें तालुक्यांतील पांढरींत मिळेल.

आणि हीच पांढरी आज झपाट्यानें नाहींशी होत आहे. राखेची आणि शेणाची ही माती पिकाला चांगली, म्हणून शेतकरी ती पूर्वींपासून शेतांत नेऊन टाकीत आला आहे. बैलगाडीनें नेत होता तोंवर टेकाड कांहीं पिढ्या टिकत असे; यंत्राच्या फावड्यापुढें तें आठवडाभरहि टिकत नाहीं. १९७६ मध्यें पुरें झालेल्या जायकवाडीच्या जलाशयाखालीं गोदाकांठचीं कित्येक जुनीं गांवठाणें गेलीं. धरण नको, रस्ता नको, शेताला खत नको, असें कोणीहि शहाणा माणूस म्हणणार नाहीं. मागणें एवढेंच, कीं जें जावयाचें आहे तें जाण्यापूर्वीं कोणीतरी वाचावें. एकदां विस्कटलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं. शास्त्रज्ञाचें उत्खननहि थर नष्टच करितें. भेद इतकाच, कीं त्याच्या वहींत तो उतरलेला असतो.

म्हणून हा अभ्यासक्रम गांवाच्या मुलामुलींनीं घ्यावा. आलेला पाहुणा टेकाडाला टेकाड समजून पुढें जाईल. ज्याचें बालपण काळी आणि पांढरी यांच्या मध्यें गेलें, त्याचे पाय ती आपोआप ओळखतात. पेव, गढी, बारव, खळें हे शब्द त्याला कोशांत पाहावे लागत नाहींत. विद्यापीठानें त्याला मोजमाप, नकाशा, ब्राह्मी लिपि आणि नाणीं ओळखण्याची विद्या द्यावी, एवढेंच उरतें.

जे वर्गांत जाऊं शकत नाहींत त्यांनाहि एक काम करतां येईल. नांगराच्या फाळाला जुनें कांहीं लागलें, तर तें उपटूं नये, धुऊं नये. जागा, खोली आणि मातीचा रंग लिहून ठेवावा, छायाचित्र घ्यावें आणि तहसील कचेरीस किंवा पुराणवस्तु खात्यास कळवावें. भूमिगत ठेव्याविषयींचा १८७८ चा कायदाहि दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सरकारास कळवावा असेंच सांगतो. पण कायद्याच्या धाकापेक्षां कुतूहलानें हें घडावें. आपल्या शिवारांत एखादें पांढरीचें टेकाड अजून शिल्लक असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वीं त्याची जागा कागदावर उतरवून ठेवा, एवढी विनंति करून श्रोत्यांची रजा घेतों.