नातवाची आगगाडी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून एखाद्या संतकवीविषयी ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु माझे उभे आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेले, आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्या बारा वर्षांच्या नातवाने मला पुन्हा कामावर रुजू करून घेतले. तीच हकीकत सांगतो.

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ आपणांपैकी अनेकांच्या घरी शिरला असेल. स्वीडनमधील मोजांग या कंपनीने तो २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. चौकोनी ठोकळे रचावयाचे, एवढीच माझी समजूत होती; ‘डोळे बिघडतील’ यापलीकडे मी त्याविषयी काही बोललोही नव्हतो. एके दुपारी नातू रडवेला होऊन आला. “आजोबा, माझ्या दोन गाड्या बोगद्यात आपटतात.” सुट्टीला आल्यापासून त्याने आपण होऊन मराठीत विचारलेली ही पहिली गोष्ट.

मी चष्मा लावून बसलो. त्या खेळात रेडस्टोन नावाची तांबडी भुकटी असते; जमिनीवर तिची रेघ ओढली की ती तार होते. संदेश पंधरा ठोकळे जातो, पुढे न्यावयाचा तर मध्ये ‘रिपीटर’ बसवावा लागतो, आणि तो कमीत कमी दशांश सेकंद खातो. सर्वांत गंमत रेडस्टोनच्या मशालीची. एरवी ती पेटलेली असते. तिच्या आधाराच्या ठोकळ्याला वीज पोहोचली की विझते. म्हणजे ‘होय’चे ‘नाही’ करणारी. हे तर आमच्या रिलेचेच काम! जॉर्ज बूल यांनी १८५४ साली विचाराचे बीजगणित ग्रंथरूपाने मांडले. क्लॉड शॅनन यांनी १९३७च्या प्रबंधात ते रिलेंच्या जोडणीला लावून दाखविले. माझ्या नातवाला ही दोन्ही नावे ठाऊक नव्हती. त्याचे काही अडलेही नव्हते.

त्याने बोगद्याच्या तोंडाशी गाडी ओळखणारा रूळ बसविला होता. गाडी त्यावर असेतो वीज वाहे. पुढे सरकली की बंद. गाडी बोगद्यातच, आणि मागची मोकळी! “अरे, तुझ्या यंत्राला स्मरण नाही,” मी म्हणालो. तेव्हा त्याने एकमेकींना विझविणाऱ्या दोन मशाली बसविल्या. आत शिरणारी गाडी एक पेटवी, बाहेर पडणारी दुसरी. मधल्या काळात स्थिती जशीच्या तशी राही. टक्कर थांबली.

मला मात्र चैन पडेना. तार ‘वाट अडली आहे’ एवढेच कळवीत होती. ती तुटली तर निरोप नाही, आणि निरोप नाही म्हणजे वाट मोकळी! रेल्वेत नेमके उलट असते. रुळांतून वीज वाहत असेल तरच मार्ग मोकळा; गाडीच्या चाकांनी ती वळविली, किंवा तार तुटली, की रिले पडतो आणि सिग्नल तांबडा होतो.

“पण तार कशाला तुटेल?” त्याने विचारले.

मग मी त्याला जे सांगितले, ते चाळीस वर्षांत घरातही बोललो नव्हतो. एका लहान स्थानकावर पावसाने खडी भिजून वीज झिरपत होती; वाट मोकळी असूनही सिग्नल तांबडाच राही. गाड्या खोळंबल्या म्हणून मी रिलेच्या पेटीत तारेचा एक तुकडा जोडला आणि तो काढावयास विसरलो. त्या रात्री स्टेशनमास्तरांनी कंदील घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी उभी मालगाडी पाहिली, म्हणून मेल बाहेर थांबली. सिग्नल हिरवा होता.

पोर बराच वेळ गप्प होते. मग त्याने दुसऱ्या मशालीपासून तार काढली, ‘वाट मोकळी’ असे सांगणाऱ्या मशालीपासून. खेळातला विजेचा रूळ वीज न मिळाल्यास गाडी अडवून धरतो, तेव्हा निरोप आला तरच गाडी सुटणार. (रुळापासून मशालींकडे येणाऱ्या तारेचे दुखणे अजून बाकी आहे, तेथे रेल्वेसारखा अख्खा रूळ पहारा देत नाही. दिवाळीत पाहू, असे ठरले आहे.)

शेवटी त्याने मधली चिमूटभर भुकटी स्वतःच उचलली. गाडी जागच्या जागी थांबली.

“बघा आजोबा,” तो म्हणाला, “आता तुम्ही विसरलात तरी चालेल.”