२४ तास १८ मिनिटं: स्ट्रॉम थर्मंड यांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग चला, सुरू करूया.

२८ ऑगस्ट १९५७ ची रात्र. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सिनेटचं कामकाज चालू आहे. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड बोलायला उभे राहतात, ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बोलतच राहतात. २४ तास १८ मिनिटं! मध्येच टॉयलेटला जावं लागू नये म्हणून आधी स्टीम बाथ घेऊन अंगातलं पाणी कमी केलेलं. आणि बोलायचं काय? तर तेव्हाच्या ४८ राज्यांचे निवडणूक कायदे वाचून दाखवले.

हे सगळं कशासाठी? कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला संरक्षण देणारं विधेयक अडवायला. सिनेटमध्ये भाषणाला वेळेची मर्यादा नाही, आणि भाषण चालू असेपर्यंत मतदान घेता येत नाही. याला म्हणतात फिलिबस्टर. शेवटी थर्मंड थांबले आणि त्याच रात्री विधेयक ६० विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं.

आता जरा मागे जाऊ. १९४७ मध्ये थर्मंड साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षी विली अर्ल नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने ठार मारलं. थर्मंडनी आरोपींवर खटला चालवण्यासाठी जोर लावला. ज्युरीने सगळ्यांना सोडून दिलं, पण लोकांना वाटलं, हा गव्हर्नर वेगळा दिसतोय.

वर्षभरातच चित्र पालटलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन नागरी हक्कांच्या बाजूने उभे राहिले आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट भडकले. त्यांनी वेगळी चूल मांडली आणि १९४८ मध्ये थर्मंडना राष्ट्राध्यक्षपदाला उभं केलं. मुद्दा एकच: गोरे आणि काळे वेगळेच राहिले पाहिजेत. थर्मंडनी चार राज्यं जिंकली!

१९५४ मध्ये पक्षाने सिनेटचं तिकीट दुसऱ्याला दिलं. मतपत्रिकेवर थर्मंडचं नावच नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहिलं आणि त्यांना निवडून आणलं. १९६४ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले. पुढे दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू त्याच वाटेने गेले.

१९६५ च्या कायद्यानंतर कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने मतदान करू लागले. मग थर्मंडही बदलले. १९७१ मध्ये ऑफिसात कृष्णवर्णीय सहाय्यक नेमला. १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या राष्ट्रीय सुट्टीच्या बाजूने मत दिलं. मन बदललं की मतांचं गणित? मला विचाराल तर गणित. जुन्या भूमिकेबद्दल त्यांनी कधी सरळ माफी मागितली नाही.

शंभरी गाठली तरी ते सिनेटमध्येच होते. २००३ च्या जूनमध्ये ते गेले. आणि डिसेंबरमध्ये ७८ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका जगासमोर आल्या. एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स. म्हणाल्या, थर्मंड माझे वडील. त्यांची आई कॅरी बटलर थर्मंड कुटुंबाच्या घरी कामाला होती. कृष्णवर्णीय, वय अवघं १६. थर्मंड तेव्हा २२ वर्षांचे. कुटुंबाने हे नातं नाकारलं नाही.

वडील लेकीला गुपचूप भेटायचे, शिक्षणाला पैसे द्यायचे. आणि बाहेर भाषणात सांगायचे, दोन वंश एकत्र नकोत. म्हणजे त्या २४ तासांच्या भाषणात ज्यांचा हक्क अडवला जात होता, त्यांच्यात त्यांची स्वतःची मुलगीही होती.

कोलंबिया शहरात राज्याच्या विधानभवनाबाहेर थर्मंड यांचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यावर कोरलं होतं, चार मुलांचे वडील. नंतर ‘चार’चं ‘पाच’ केलं आणि एसी मे यांचं नाव जोडलं. दगडावरची खाडाखोड पूर्ण लपत नाही, मंडळी.

आणि तो भाषणाचा विक्रम? १ एप्रिल २०२५ ला मोडला. कोरी बुकर २५ तास ५ मिनिटं बोलले. ते सिनेटर कृष्णवर्णीय आहेत.

तुम्हाला काय वाटतं, माणूस बदलला होता का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!