मतदानाची टक्केवारी आणि नागरिकांचा सहभाग : कोल्हापूरचा दाखला

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान कमी होते, ही तक्रार प्रत्येक निवडणुकीनंतर ऐकू येते आणि ती बहुधा मुंबईकडे बोट दाखवून केली जाते. मुंबई महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतदान झाले, २०१७ मध्ये ते ५५ टक्क्यांच्या घरात गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये ते पुन्हा ५३ टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका कोणाच्या हाती द्यायची, याविषयी जवळपास निम्म्या मतदारांनी आपले मत नोंदवलेच नाही. कोल्हापूर मात्र या चित्रात बसत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघातील ७१ टक्क्यांहून अधिक मतदान राज्यातील सर्वाधिक मतदानांपैकी एक ठरले, त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत राज्याची सरासरी ६६ टक्के असताना करवीर मतदारसंघात सुमारे ८५ टक्के मतदान झाले, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या महापालिका निवडणुकीतही शहरातील सुमारे दोन तृतीयांश मतदार केंद्रापर्यंत गेले. म्हणून मतदान आणि नागरी सहभाग या दोन गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न तपासण्यासाठी कोल्हापूरसारखी दुसरी जागा नाही. जेथे मतदान भरपूर होते, तेथेच सहभागाची उणीव निर्भेळपणे दिसू शकते.

कोल्हापूरकर इतके मतदान का करतात, याचे उत्तर महापालिकेत सापडत नाही, ते सहकारात आणि पेठांत सापडते. साखर कारखाना, दूध संघ, सेवा सोसायटी, बाजार समिती आणि बँक यांच्या निवडणुका जिल्ह्यात सतत चालू असतात, आणि त्यांतील जयपराजयावर उसाची तोड, दुधाचा दर, कर्जाची मंजुरी, नातलगाची नोकरी अशा रोजच्या गोष्टी अवलंबून असल्याची मतदारांची खात्री असते. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत प्राथमिक संस्थेच्या वतीने मत देणाऱ्या प्रतिनिधीला ‘ठरावधारक’ म्हणतात. अशा काही हजार ठरावधारकांचे मतदान जवळजवळ शंभर टक्के होते, कारण प्रत्येक ठराव कोणाच्या बाजूचा हे गटाला आधीच ठाऊक असते. शहरात हेच काम तालमी आणि तरुण मंडळे करतात. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतील तालीम ही केवळ कुस्तीची जागा नसून फुटबॉल संघ, गणेशोत्सव, अडीअडचणीची मदत आणि निवडणुकीची यंत्रणा या सर्वांचे ते केंद्र आहे. ही व्यवस्था मतदाराला घराबाहेर काढते, आणि तिची कुचेष्टा करण्याचे कारण नाही, कारण ज्या महानगरांत अशी कोणतीच व्यवस्था उरलेली नाही तेथे मतदार घरातच राहतो. तथापि गटाने मोजलेले मत ही निष्ठेची नोंद असते, आणि निष्ठेचा हिशोब निकालाच्या दिवशी पुरा होतो. पुढील पाच वर्षे सभागृहात काय चालते हे पाहण्याचे बंधन ती निष्ठा कोणावर घालत नाही.

याचा सर्वांत महाग धडा टोलच्या प्रकरणात मिळाला. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, म्हणजे खासगी कंपनीने स्वतःच्या खर्चाने बांधायचे आणि ठरावीक वर्षे टोल घेऊन तो खर्च नफ्यासह वसूल करायचा या अटीवर, करण्याचा प्रकल्प महापालिकेच्या मान्यतेने झाला. करारात काय आहे, टोल किती वर्षे द्यावा लागणार, रस्त्यांचा दर्जा कोण तपासणार, हे प्रश्न नागरिकांनी विचारले, पण विचारले ते नाके उभे राहिल्यानंतर. पुढे जे आंदोलन झाले ते महाराष्ट्राच्या नागरी इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे: प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय कृती समितीने वर्षानुवर्षे मोर्चे काढले, जानेवारी २०१४ मध्ये संतापाच्या भरात नाके पेटवले गेले, आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने कोल्हापूरचा टोल रद्द केल्याचे जाहीर केले. हा विजय खरा आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की, ज्या ठरावाला सभागृहात प्रश्न विचारून काही आठवड्यांत अडवता आले असते त्याला रस्त्यावर अडवण्यासाठी शहराची अनेक वर्षे गेली. कोल्हापूरचा नागरिक उदासीन नाही. तो उशिरा येतो.

पुढील प्रसंग याहून विलक्षण आहे. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिका व महापालिकांची मुदत पाच वर्षांहून अधिक असू शकत नाही आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे आवश्यक आहे. २००६ मध्ये किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन स्पष्ट शब्दांत अधोरेखित केले. तरीही २०१५ मध्ये निवडून आलेल्या कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि नवे सभागृह निवडण्यास जानेवारी २०२६ उजाडला. आधी महासाथ, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेतील बदल, अशी कारणांची साखळी लांबत गेली, आणि ती तोडण्यासाठी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला कालमर्यादा घालून द्यावी लागली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता; प्रशासक म्हणजे सरकारने नेमलेला असा अधिकारी, ज्याच्या एका सहीत सभागृह आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार एकवटतात, त्यामुळे अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी अनेक दशके लढलेल्या आणि टोल उलथवून टाकलेल्या या शहरात आपला मतदानाचा हक्क पाच वर्षे लांबवला गेल्याबद्दल त्या तोडीचे आंदोलन उभे राहिले नाही. मतदार मतदानाला जात नाहीत म्हणून त्यांना उपदेश करणाऱ्या शासनयंत्रणेनेच मतदानाचा दिवस पुढे ढकलला, हेही येथे नोंदवले पाहिजे. शून्य टक्के मतदानाची ती पाच वर्षे कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत.

निवडणूक झाली ती बदललेल्या रचनेत. २०१५ मध्ये शहरात ८१ प्रभाग होते आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडला गेला. २०११ च्या जनगणनेतील सुमारे साडेपाच लाख लोकसंख्या धरली तर एका नगरसेवकामागे पावणेसात हजारांच्या आसपास माणसे येत, आणि तुंबलेल्या गटारीसाठी कोणाचे दार ठोठावायचे याविषयी शंका नसे. आता बहुसदस्यीय पद्धतीने, म्हणजे एका प्रभागातून अनेक सदस्य निवडण्याच्या पद्धतीने, तेच ८१ सदस्य २० प्रभागांतून येतात. प्रत्येक प्रभाग सत्तावीस हजारांहून मोठा झाला आणि एका कामाला चार उत्तरदायी झाले, ज्याचा व्यवहारातील अर्थ बहुतेकदा एकही नाही असा होतो. त्यात आरक्षणाच्या सोडतीमुळे पुढच्या वेळी जागा कोणाची असेल हे सदस्यालाच ठाऊक नसते. आरक्षण आवश्यकच आहे, परंतु त्याच मतदारांसमोर पुन्हा जाण्याची शक्यता उरली नाही की जाबाची भीतीही उरत नाही. वरच्या पातळीवर कायद्याने अडीच वर्षांच्या असलेल्या महापौरपदाची खांडोळी करण्याची कोल्हापूरची जुनी सवय आहे. २०१५ ते २०२० या एकाच सभागृहाने अर्ध्या डझनाहून अधिक महापौर पाहिले. काही महिन्यांच्या महापौराने शहराचा विचार करावा, अशी अपेक्षा त्याला निवडणारेही ठेवत नव्हते.

निवडणुकांमधील काळासाठी कायद्याने नागरिकाला काय दिले आहे, हे पाहिले तर खेड्याची स्थिती शहराहून बरी ठरते. गावातील सर्व मतदारांची मिळून ग्रामसभा होते. तिच्यासाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती, म्हणजे गणपूर्ती, लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. या पळवाटेचा लाभ घेऊन मोजक्या सह्यांवर गावाचा कारभार उरकला जातो, हे कोणत्याही ग्रामसेवकाला सांगावे लागत नाही. पण हीच ग्रामसभा गरज पडताच जिवंत होते. १९७२ मध्ये कोल्हापूर नगरपालिकेची महापालिका झाली तरी शहराची हद्द वाढली नाही, आणि ती वाढवण्याचा विषय निघाला की भोवतीची गावे घरफाळा आणि जमिनींवरील आरक्षणाच्या भीतीने ठराव करून विरोधाला उभी राहतात. त्यांचे म्हणणे बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे. निर्णय होण्याआधी सभा भरवणे, हे शहराने त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

शहरांसाठीही अशी तरतूद आहे, फक्त ती कागदावर आहे. तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे संविधान सांगते, आणि २००९ मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची, म्हणजे काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदारांच्या सभेची, सोय करण्यात आली, जिने परिसरातील कामांचा अग्रक्रम सुचवावा असे अभिप्रेत आहे. ही सभा राज्यातील महापालिकांत रुजलीच नाही. नगरसेवकाला ती नको असते, कारण तिच्यात ‘काम कोणी आणले’ याचे श्रेय वाटले जाते. प्रशासनाला नको असते, कारण तिच्यात प्रश्न विचारले जातात. आणि मतदाराला ती आहे हेच ठाऊक नसते.

कोल्हापूरला मतदान वाढवण्याच्या मोहिमेची निकड इतरांहून कमी आहे. पाच वर्षांच्या खंडानंतर सभागृह पुन्हा आले आहे आणि आयुक्तांचे अंदाजपत्रक पुन्हा स्थायी समितीपुढे व सभागृहापुढे जाणार आहे. ज्या तालमी आणि मंडळे मतदाराला केंद्रापर्यंत आणतात त्यांनीच आपल्या प्रभागातील चारही नगरसेवकांना, अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी, क्षेत्रसभा बोलावण्याची लेखी मागणी करावी आणि तिची पोच घ्यावी.