हो, मी घोरत होते

मी बचत गटांची सहयोगिनी. गंगापूर रोडवर आनंदवलीपासून गिरणाऱ्यापर्यंत बैठकांना येते, तेव्हा बऱ्याच जणी मला आवाजावरूनच ओळखाल.

मागच्या वर्षी एका ताईंचा 500 रुपयांचा हप्ता मी खतावणीत दुसरीच्याच नावावर लिहिला. पुढच्या महिन्यात भर बैठकीत त्यांची थकबाकी निघाली. बिचाऱ्या रडल्या. त्यांच्या पासबुकात नोंद बरोबर होती, म्हणून निभावलं. लिहिताना माझा डोळा लागला होता, हे मी कुणाला बोलले नाही.

तेव्हा सकाळी डोकं जड असायचं, तोंड कोरडं पडायचं. दुपारी गाडी चालवतानासुद्धा पेंग यायची. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, तू घोरतेस ते घोरतेस, पण मधेच गप्प होतेस आणि दचकून श्वास घेतेस. मी उठून बघते तुझ्याकडे."

मला लाजच वाटली. पुरुष घोरला तर घरात हसतात, बाई घोरली तर झाकून ठेवतात. त्यात माझे दोन महिने गेले.

या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. बप्पी लाहिरी 2022 मध्ये गेले तेव्हा बातम्यांत हे नाव आलं होतं. झोपेत घसा सैल पडतो आणि श्वासाची वाट अडते, कधी दहा सेकंद, कधी जास्त. मग मेंदू आपल्याला हलवून जागं करतो, पण सकाळी त्यातलं काही आठवत नाही. जाड माणसालाच होतो असं नाही. लहान जबडा, चोंदलेलं नाक ही कारणंही असतात, आणि पाळी गेल्यावर बायकांमध्ये तो वाढतो. अंगावर काढला तर रक्तदाब वाढू शकतो.

तपासणीसाठी गटातूनच अंतर्गत कर्ज घेतलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी यंत्र घरी दिलं. बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीला पट्टा. मुलं म्हणाली, आई अंतराळात चालली. तासाला नऊ वेळा श्वास अडत होता. पाच ते पंधराच्या आत म्हणजे सौम्य, तीसच्या पुढे तीव्र. तीव्र असेल तर रात्री मास्कमधून हवा देणारं सीपॅप यंत्र लागतं. कुणाला दातांचे डॉक्टर जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून देतात.

माझं त्याआधीच भागलं. नाकाच्या अ‍ॅलर्जीचा फवारा, सहा किलो वजन कमी, आणि कुशीवर झोपणं. उताणी वळू नये म्हणून गाऊनच्या पाठीला खिसा शिवला आणि त्यात मुलाचा चेंडू घातला. झोपेची गोळी मात्र मनाने घेऊ नका, तिने घसा आणखी सैल पडू शकतो. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा चारवर आला होता.

मग त्या ताईंची भर बैठकीत माफी मागितली आणि कारणही सांगितलं. बैठक सुटल्यावर तिघी जणी मागे थांबल्या.