निरगुडसरची गोठलेली पहाट

आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरच्या नशिबी हिमवर्षाव नाही. परंतु पौषातील थंडी फारच कडक पडली, तर पहाटे बांधावरचे गवत पांढरे दिसते. हवेचे तापमान शून्याच्या 3-4 अंश वर असले, तरी निरभ्र, निर्वात रात्री तृणपाती त्याहून थंड होतात व त्यांवरील दव गोठते. फिरावयास निघालेल्या शहरवासीयास ही शोभा वाटते. बटाट्याच्या मळेकऱ्यास तीत पिकाचा घात दिसतो. म्हणून तो रात्रीच पिकास विहिरीचे उबदार पाणी देतो, बांधावर शेकोट्या धुमसत ठेवतो. ऊन चढताच ती शुभ्रता विरते आणि पाहुणा माघारी वळतो. पाने हिरवी राहतात की काळवंडतात, हे पाहत मळेकरी मात्र बांधावरच उभा असतो.