नावेच्या तळाशीं बसविलेला कान



सकाळीं बाजारांतून घरीं आलेली मासळी आपण निरखून घेतों. पण ती समुद्रांत नेमकी कोठें आहे हें तांडेलाला कसें कळलें असेल, असा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. पूर्वी तो दोरीला शिसें बांधून पाण्याची खोली वावांत मोजी आणि पाण्याचा रंग व पक्ष्यांचे थवे पाहून जाळें टाकी. आज अनेक नावांवर मासे शोधणारें यंत्र असतें. १९४८ सालीं जपानांत फुरुनो बंधूंनीं असें यंत्र मच्छिमारांच्या हातीं दिलें. त्याचा पडदा तांडेलासमोर असतो, पण त्याचा खरा कान नावेच्या तळाशीं असतो. त्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो कोठें व कसा बसवावा, हाच आजचा विषय.

क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते. याच्या उलटही घडतें; वीज दिली कीं असा पदार्थ थरथरतो. ट्रान्सड्यूसरांतील चकती याच गुणानें पाण्यांत नाद सोडते आणि परतलेला प्रतिध्वनि ऐकते. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५०० मीटर जातो. प्रतिध्वनि एक दशांश सेकंदानें आला, तर जाऊन येऊन १५० मीटर प्रवास झाला; म्हणजे तळ ७५ मीटरांवर आहे. बहुतेक माशांच्या पोटांत हवेची पिशवी असते. पाण्यांतून आलेला नाद हवेवर आदळून जोरानें परततो, म्हणून मासा पडद्यावर उमटतो.

पण ज्या हवेमुळें मासा दिसतो, तीच हवा या यंत्राची वैरीण आहे. धांवत्या नावेखालून बुडबुड्यांचा पट्टा वाहूं लागला कीं कान बधिर होतो. कोंकणच्या एका बंदरावर मीं अशी एक लांकडी नाव पाहिली. ती उभी असतांना यंत्र उत्तम चाले. इंजिनानें वेग घेतला कीं पडद्यावर नुसते ठिपके. मालकानें यंत्रालाच दोष दिला व तें विकावयास काढलें. पावसाळ्यांत नाव किनाऱ्यावर ओढली तेव्हां खरें कारण दिसलें. ट्रान्सड्यूसरच्या थोडें पुढें तळाची एक फळी वर उचलली होती आणि तिच्या कडेवरून फेंस सुटत होता. जागा बदलली; परंतु जुनें भोंक बुजविण्यास सुतार बसवावा लागला. नाव तरंगते ती तळाच्या भरंवशावर. त्याला एक भोंक उगीच पाडणें म्हणजे खलाशांच्या जिवाशीं खेळ.

म्हणून जागा आधीं नीट पाहावी. संथ चालणाऱ्या नावेंत पुढच्या टोंकापासून पाण्यांतील लांबीच्या सुमारें एक तृतीयांशावर, कण्यापासून किंचित् बाजूला, पंख्याच्या बऱ्याच पुढें ती असावी. पंख्याचीं पातीं ज्या बाजूस वरून खालीं येतात ती बाजू बरी. पुढें पाणी ओढून घेणारें तोंड किंवा उंचवटा नसावा. तळ उतरता असल्यास त्याच उताराचा लांकडी ठोकळा कापून मध्यें बसवावा, म्हणजे ट्रान्सड्यूसरचें तोंड सरळ खालीं राहील. ठोकळ्याचा उरलेला तुकडा आंतून घालावा, म्हणजे मळसूत्राची चकती सपाट बसेल.

लांकडी नावेंत ब्राँझचें आवरण वापरावें. पाण्यानें फुगणारें लांकूड प्लास्टिकला तडा देऊं शकतें. याच कारणानें लांकूड फुगण्यापूर्वीं मळसूत्र फार आवळूं नये. जोडांत समुद्राला टिकणारें लुकण भरावें, तार इंजिनाच्या विजेच्या तारांपासून दूर न्यावी, आणि नाव पाण्यांत लोटल्यावर पहिला दिवसभर आंतून जोड पाहत राहावें. थेंबाथेंबानें गळणारें पाणीच पुढें घात करतें.

पावसाळी बंदीचा काळ या कामास सोयीचा. नाव किनाऱ्यावर असते, सुतार मिळतो आणि समुद्रांत मासळीची वीण चाललेली असते. हीच गोष्ट शेवटीं सांगावीशी वाटते. हा कान मासा कोठें आहे एवढें सांगतो. कोणता मासा जाळ्यांतून सोडून द्यावा, हें सांगत नाहीं. तें शहाणपण तांडेलाकडेच राहणार, आणि पुढच्या वर्षींची मासळी त्याच्याच भरंवशावर आपल्या घरीं येणार.